शहर वाढताना आधी काय येते : रस्ता की घर?

वेशीबाहेर (धागालेखक)

देश शहरी होतो म्हणजे नेमके काय होते, याचे उत्तर बहुधा टक्क्यांत दिले जाते. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८५१ च्या जनगणनेत निम्म्याहून अधिक लोकसंख्या शहरी असल्याचे आढळले, अमेरिकेने हा टप्पा १९२० च्या जनगणनेत ओलांडला, चीनने २०११ च्या सुमारास, आणि संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार संपूर्ण जगाने २००७ च्या आसपास. १९५० साली जगातले साधारण ३० टक्के लोक शहरांत राहत होते. २०१८ साली हे प्रमाण ५५ टक्क्यांवर गेले होते. या आकड्यांवरून बदलाचा आवाका कळतो, पण तो बदल जिथे प्रत्यक्ष घडतो ती जागा, म्हणजे शहराची कड, त्यांत दिसत नाही. कालपर्यंत जिथे पीक उभे होते तिथे आज खुंट्या ठोकून चुन्याच्या रेघा मारलेल्या असतात, आणि त्या रेघा कोणी व कोणत्या हिशेबाने मारल्या यावर पुढच्या शंभर-दीडशे वर्षांचे शहर ठरते. या धाग्यात मला त्या रेघांविषयी चर्चा करायची आहे.

कैरोचे उदाहरण पाहा. नाईलच्या खोऱ्यातली शेते पाण्याच्या पाटांलगत लांबट, अरुंद पट्ट्यांत विभागलेली आहेत. शहर जवळ आले की शेतकरी आपला पट्टा तुकड्यातुकड्याने विकतो, घेणारा आपल्या तुकड्याच्या हद्दीपर्यंत भिंत नेऊन घर बांधतो, आणि दोन ओळींच्या मध्ये जेमतेम दोन-चार मीटरची गल्ली उरते. पुढे पाट बुजवला गेला की तोच त्या वस्तीचा मुख्य रस्ता होतो. शेतजमिनीवर बांधकामाला कायद्याने बंदी असूनही कैरोच्या लोकवस्तीचा फार मोठा भाग याच रीतीने वसलेला आहे. ही घरे कच्ची नाहीत. काँक्रीटचा सांगाडा आणि विटांच्या भिंती असलेल्या बहुमजली इमारती आहेत. उणीव आहे ती घरांच्या मधल्या जागेची. अग्निशामक दलाची गाडी आत शिरू शकत नाही, शाळेसाठी भूखंड उरलेला नाही, आणि मलवाहिनी टाकायची म्हटले तर यंत्र उभे करायला जागा नाही.

आता पेरूची राजधानी लिमाच्या दक्षिणेकडील व्हिया एल साल्वादोर पाहा. १९७१ साली जागेसाठी अतिक्रमण केलेल्या कुटुंबांना सरकारने तिथल्या ओसाड वाळवंटात हलवले. पाणी नव्हते, वीज नव्हती, पहिली घरे बोरूच्या चटयांची होती. मात्र एक गोष्ट पहिल्यापासून होती, ती म्हणजे आखणी. एका चौकात २४ भूखंड, असे १६ चौक मिळून एक गट, आणि प्रत्येक गटाच्या मधोमध शाळा, दवाखाना व मैदानासाठी मोकळी जागा. लोकांनी चटयांच्या जागी विटा आणल्या, वर्षे गेली तशी वीज आली, नळ आले, आणि हे सगळे येताना कोणाचे घर पाडावे लागले नाही, कारण त्यासाठीची जागा आधीच सोडलेली होती. आज तिथे चार लाखांच्या आसपास लोक राहतात.

दोन्ही ठिकाणचे लोक मेहनती होते आणि दोन्ही ठिकाणी घरे लोकांनी स्वतःच बांधली. फरक क्रमाचा आहे. हा प्रश्न केवळ गरीब देशांचा आहे, असेही समजू नये. पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसच्या भोवती कामगारांना शेतजमिनीचे तुकडे विकले गेले, ज्यांना ना रस्ता होता, ना गटार, ना पाणी. चिखल इतका असे की अखेर १९२८ साली खास कायदा करून सरकारी पैशातून त्या वस्त्यांना रस्ते व नळ पुरवावे लागले.

शहर वाढणार की नाही, हे ठरवणे कोणाच्याच हातात फारसे नसते. पण रस्ता आधी की घर आधी, हा निर्णय मात्र माणसांच्या हातातला आहे आणि तो एकदाच घेता येतो. माझे म्हणणे एवढेच आहे. आपली मते वाचायला आवडतील.

मोजणीदार

विषय महत्त्वाचा आहे. मूळ मुद्द्याशी सहमत असलो, तरी टक्केवारी बाजूला ठेवण्याआधी तिच्याबद्दल थोडे सांगणे आवश्यक वाटते, कारण शहरे कशामुळे वाढतात याविषयी सर्वसाधारण समज फार एकांगी आहे.

पहिली गोष्ट, शहर कशाला म्हणायचे हे प्रत्येक देश स्वतः ठरवतो. डेन्मार्कमध्ये २०० लोकांची सलग वस्तीही शहरी गणली जाते, अमेरिकेने १९२० साली २,५०० ची मर्यादा धरली होती, आणि जपानमध्ये महापालिकेचा दर्जा मिळायला साधारणपणे ५०,००० लोकसंख्या लागते. म्हणून २०२० साली संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने तुलनेसाठी एक समान मोजमाप मान्य केले, ज्यात दर चौरस किलोमीटरला किमान १,५०० लोक अशी घनता आणि एकूण किमान ५०,००० वस्ती असलेल्या सलग भागाला शहर मानतात. या मोजमापात प्रशासकीय हद्दीला किंमत नाही, आणि कडेच्या वस्त्यांबद्दल बोलताना ते फार उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. शहराची लोकसंख्या तीन वाटांनी वाढते. बाहेरून लोक येतात, शहरात असलेल्यांना मुले होतात, आणि पूर्वी गाव म्हणून मोजली गेलेली वस्ती पुढच्या मोजणीत शहर ठरते. चर्चा फक्त पहिल्या वाटेची होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत ते योग्यही होते, कारण तेव्हाच्या मोठ्या शहरांत मृत्यूचे प्रमाण इतके जास्त असे की बाहेरून माणसे येत राहिली नाहीत तर शहराची लोकसंख्या टिकणेही कठीण होते. १८५४ च्या पटकीच्या साथीत डॉक्टर जॉन स्नो यांनी लंडनमधल्या एका पंपाच्या पाण्याकडे बोट दाखवले, १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने संसदेचे काम अवघड केले, आणि त्यानंतर अभियंते जोसेफ बाझलजेट यांच्या देखरेखीखाली मलवाहिन्यांचे जाळे उभे राहिले. पाणी आणि सांडपाणी वेगळे झाले, तेव्हापासून शहरे स्वतःच्या बळावर वाढू लागली. विसाव्या शतकात शहरी झालेल्या देशांना ही आरोग्यविद्या आयती मिळाली, त्यामुळे त्यांच्या शहरांत स्थलांतराच्या जोडीला नैसर्गिक वाढ पहिल्या दिवसापासून होती. अनेक देशांत तर तिचा वाटा स्थलांतराहून मोठा राहिला आहे.

याचा अर्थ असा की, लोकांना गावीच थांबवून शहराची वाढ रोखू असे म्हणणारे धोरण वाढीच्या एकाच वाटेवर उभे असते, आणि तिथेही ते बहुधा अपुरे पडते. चीनने १९५८ पासून घरनोंदणीच्या कडक व्यवस्थेने गावातून शहरात जाण्यावर निर्बंध घातले. अर्थव्यवस्था खुली झाल्यावर लोक शहरात आलेच, फक्त शहराच्या शाळा आणि दवाखान्यांवरचा त्यांचा हक्क मागे गावीच राहिला.

रूळमार्ग

क्रमाचा मुद्दा पटला, पण रस्ता आणि घर यांच्याही आधी येणारी एक गोष्ट सुटली आहे, ती म्हणजे वेळ. संशोधक याकोव्ह झहावी आणि त्यांच्यानंतर चेझारे मार्केट्टी यांनी दाखवून दिले की माणूस रोजच्या प्रवासावर सरासरी साधारण एक तास खर्च करतो, आणि वाहन बदलले तरी या तासात फारसा फरक पडत नाही. वेग वाढला की माणूस वाचलेला वेळ घरी बसून घालवत नाही, तो लांब राहायला जातो. जाऊन-येऊन एक तास म्हणजे एका दिशेला अर्धा तास. पायी चालणाऱ्याच्या शहराची त्रिज्या त्यामुळे दोन-तीन किलोमीटरची. वेग दुप्पट झाला की त्रिज्या दुप्पट होते आणि क्षेत्रफळ चौपट. उपनगरांचा सगळा इतिहास या साध्या गणितात बसतो.

लंडनमध्ये १८६३ साली भुयारी रेल्वे सुरू झाली, पण कामगारांना लांब राहणे खऱ्या अर्थाने परवडू लागले ते १८८३ च्या कायद्याने रेल्वे कंपन्यांना पहाटेच्या स्वस्त गाड्या चालवायला लावल्यावर. अमेरिकेतील रिचमंड शहरात १८८८ साली फ्रँक स्प्रेग यांनी विजेच्या ट्रामचे जाळे यशस्वी करून दाखवले आणि काही वर्षांतच घोड्यांच्या ट्राम मागे पडल्या. ट्रामच्या काळातले शहर नकाशावर पाहिले तर ते हाताच्या पंजासारखे दिसते : मार्गांच्या कडेने बोटे लांबलेली आणि मध्ये शेते. मोटार आल्यावर त्या बोटांमधली जागा भरली, कारण मोटारीला रूळ लागत नाहीत आणि थांबाही लागत नाही.

या बाबतीत जपानचा अनुभव मला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो. इचिझो कोबायाशी यांच्या कंपनीने १९१० साली ओसाकाजवळ रेल्वे सुरू केली तेव्हा त्या मार्गावर पुरेसे प्रवासीच नव्हते. कंपनीने मार्गालगतची जमीन आधीच घेऊन ठेवली होती. तिथे घरे बांधून ती हप्त्याने विकली, आणि पुढे एका टोकाला करमणुकीची ठिकाणे, तर दुसऱ्या टोकाच्या स्थानकावर मोठे दुकान उभारले. म्हणजे रूळ टाकल्यामुळे जमिनीची जी किंमत वाढली, ती रूळ टाकणाऱ्यालाच मिळाली आणि तिच्यातून रेल्वे चालली. लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेनेही हाच मार्ग धरला होता. जिथे रेल्वे एकाने बांधायची आणि जमिनीचा नफा दुसऱ्याने न्यायचा अशी रचना असते, तिथे रेल्वे कायम तोट्यात आणि म्हणून कायम उशिरा येते.

ओसरी

वरचे सगळे प्रतिसाद वाढ गृहीत धरून लिहिले आहेत, हे मला खटकले. शहराच्या कडेची जमीन रिकामी नसते. जुनी शहरे सुपीक खोऱ्यांत वसली, म्हणून त्यांच्या कडेला देशातली उत्तम शेते असतात. कैरोचेच पाहा, ज्या देशात शेतीयोग्य जमीन नदीकाठच्या अरुंद पट्ट्यापुरती आहे, तिथे ती विटांखाली गेली तर परत मिळणार नाही. आखणी कितीही नेटकी असली तरी पीक जाते ते जातेच. त्यामुळे शहराला हद्द घालणे हे मला वेडेपणाचे वाटत नाही. ब्रिटनने १९४७ च्या नगररचना कायद्याने बांधकामाचा हक्क परवानगीवर आणला, १९५५ पासून इतर शहरांनाही हरितपट्ट्यांची (शहराभोवती बांधकामबंदीच्या पट्ट्यांची) वाट मोकळी केली, आणि लंडनभोवतीची शेते व राने त्यामुळे वाचली. सोलने १९७१ मध्ये हेच केले, म्हणून आज तिथल्या लोकांना शहरालगत डोंगर आणि जंगल लाभले आहे. हे सगळे खुंट्या आणि चुन्याच्या रेघांना द्यायचे का?

वेशीबाहेर (धागालेखक)

ओसरी, आपली काळजी रास्त आहे आणि तिला वरवरचे उत्तर देता येणार नाही. सोलचे डोंगर वाचले, हे खरेच आहे. परंतु त्याच काळात दक्षिण कोरिया किती वेगाने शहरी झाला ते पाहा : १९६० साली तीस टक्क्यांहून कमी लोक शहरांत होते, १९९० साली सत्तर टक्क्यांहून अधिक. एवढी माणसे हरितपट्ट्याच्या आतल्या जागेत मावली नाहीत. घरांच्या किमती भडकल्या, आणि १९८९ मध्ये सरकारला पट्ट्याच्या पलीकडे बुंदांग, इल्सान यांसारखी नवी शहरे जाहीर करावी लागली. आज सोल महापालिकेची लोकसंख्या एक कोटीच्या खाली उतरली आहे आणि भोवतालच्या ग्योंगी प्रांताची तिच्याहून बरीच जास्त आहे. वाढ थांबली नाही, तिने पट्टा ओलांडला, आणि रोज लाखो लोक तो पट्टा ओलांडून कामावर जाऊ लागले. लंडनचेही तेच. हरितपट्टा टिकला, पण त्यापलीकडच्या गावांतून लंडनला कामासाठी येणाऱ्यांचा प्रवास लांबला, आणि पट्ट्याच्या आतले घर सामान्य नोकरदाराच्या आवाक्यात राहिले नाही.

मला कोपनहेगनची १९४७ ची योजना अधिक समंजस वाटते. तिने शहराला गोल हद्द घातली नाही. रेल्वेच्या पाच मार्गांलगत वाढू दिले आणि दोन मार्गांच्या मधले हिरवे पाचर राखले. रूळमार्ग यांनी सांगितलेली पंजाची आकृती तिथे जाणूनबुजून जपली गेली. शेत वाचवायचे असेल तर शहराने कुठे जाऊ नये एवढे सांगून भागत नाही, कुठे जावे हेही सांगावे लागते, आणि तिथे जागा, रूळ व पाणी तयार ठेवावे लागते.

इजिप्तनेही शेती वाचवण्यासाठी वाळवंटात नवी शहरे उभारण्याचे धोरण १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात हाती घेतले होते. हेतू आपल्या म्हणण्याला धरूनच होता. पण कष्टकऱ्यांना रोजगारापासून दूर, मोटारीवाचून जगणे कठीण अशा ठिकाणी राहणे परवडत नव्हते, त्यामुळे ठरवलेली लोकसंख्या तिथे वर्षानुवर्षे गेली नाही आणि शेतांच्या पट्ट्यांवर इमारती उठतच राहिल्या.

ओसरी

कोपनहेगनचे उदाहरण मान्य आहे. मात्र हिरवी पाचरे टिकण्यासाठी प्रत्येक पिढीतल्या सरकारने विकणाऱ्याला नाही म्हणावे लागते. नकाशावर हिरवा रंग भरणे सोपे असते. शेजारच्या भूखंडाला सोन्याचा भाव आलेला असताना ज्याला शेतीच करायला सांगितली जाते त्याचे नुकसान कोण भरून देणार, याचे उत्तर नकाशात नसते. ब्रिटनच्या १९४७ च्या कायद्यात विकासाच्या परवानगीमुळे वाढणाऱ्या जमिनीच्या किमतीवर शंभर टक्के आकार होता, पण तो काही वर्षांतच रद्द झाला. तेव्हापासून परवानगी मिळणारा श्रीमंत आणि न मिळणारा जसाच्या तसा, ही विषमता तिथे कायम आहे. हा प्रश्न सोडवल्याशिवाय कुठलाही पट्टा किंवा पाचर दीर्घकाळ टिकेल असे मला वाटत नाही.

चौकटराजा

पैशाचा विषय निघालाच आहे, तर हद्दीचाही काढू. वाढणारे शहर आपली जुनी हद्द लवकरच ओलांडते, आणि मग रस्ता आधी टाकायचा तरी कोणी, हा प्रश्न उभा राहतो. १९२० साली बर्लिनने एका कायद्याने भोवतालची ७ शहरे, ५९ ग्रामपंचायती आणि २७ जहागिरी क्षेत्रे स्वतःत सामावून घेतली. शहराचे क्षेत्रफळ सुमारे तेरापट झाले, लोकसंख्या साधारण दुप्पट होऊन ३८ लाखांच्या घरात गेली. ही हद्दवाढ संसदेत थोडक्या मतांनी मंजूर झाली होती, आणि श्रीमंत उपनगरांचा तिला कडाडून विरोध होता, कारण कर सगळ्यांचा एकत्र होणार होता. पण त्यामुळे बर्लिनला तलाव, राने आणि पुढच्या वस्त्यांसाठीची जागा एकाच आराखड्यात बसवता आली. पॅरिसने मात्र १८६० मध्ये शेवटची मोठी हद्दवाढ केली. आज त्याची हद्द जवळजवळ तीच, सुमारे १०५ चौरस किलोमीटर आहे, आणि तिच्याबाहेर कितीतरी पट लोक शेकडो वेगवेगळ्या नगरपालिकांत राहतात. धागालेखकांनी सांगितलेल्या चिखलाच्या वस्त्या अशाच लहान, निर्धन नगरपालिकांच्या वाट्याला आल्या होत्या.

हद्दीचा सर्वांत वाईट परिणाम अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये दिसतो. १९५० मध्ये शहराची लोकसंख्या साडेअठरा लाख होती, २०२० मध्ये सहा लाख चाळीस हजारांच्या आसपास. या काळात त्या महानगर प्रदेशातले लोक नाहीसे झाले नाहीत, ते हद्दीपलीकडच्या उपनगरांत गेले. त्यांचा कर त्यांच्या नव्या नगरपालिकेला मिळू लागला. मूळ शहराकडे जुन्या जलवाहिन्या, जुने रस्ते, निवृत्त कर्मचाऱ्यांची पेन्शन आणि कर भरू न शकणारे रहिवासी राहिले. मोटारउद्योगातली नोकरकपात आणि वंशभेद हीही यामागची मोठी कारणे आहेत, पण हद्द नकाशावर तिथेच नसती तर एवढी पडझड झाली नसती.

सांजवात

वंशभेदाचा उल्लेख ओघात आला, पण उपनगरांच्या चर्चेत तो मध्यभागी असायला हवा. अमेरिकेत १९३४ नंतर सरकारी हमीमुळे गृहकर्ज स्वस्त झाले, १९४४ च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांना सवलती मिळाल्या, आणि १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या बटाट्याच्या शेतांवर लेव्हिटाउन उभे राहिले. कामाचे बारीक तुकडे पाडून, प्रत्येक टोळीने एका घराकडून दुसऱ्या घराकडे जात आपले एकच काम करायचे, अशा पद्धतीने तिथे १७,००० हून अधिक घरे बांधली गेली. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ते थक्क करणारे काम होते. पण करारात घर फक्त गोऱ्यांनाच वापरता येईल अशी अट होती, आणि सरकारी हमीच्या नियमांचे धोरणही तिला पूरक होते. अशा अटी न्यायालयातून अमलात आणता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये सांगितले, आणि घरविक्रीतल्या भेदभावावर कायद्याने बंदी आली १९६८ मध्ये. तोवर एका पिढीने घराच्या रूपाने संपत्ती जमवली होती आणि दुसऱ्या पिढीला तिच्या दारातही उभे केले गेले नव्हते. कोणाला कडेला जाऊन राहता आले आणि कोणाला मध्यभागीच अडकून पडावे लागले, हे केवळ प्रवासाच्या वेळेवर ठरत नाही.

दुसरे म्हणजे, आतापर्यंत सगळी चर्चा भूखंड घेणाऱ्यांची झाली. शहरात नव्याने येणारा माणूस आधी खोली भाड्याने घेतो. चीनमधल्या शेन्झेनचे पाहा. १९८० मध्ये विशेष आर्थिक क्षेत्र जाहीर झाल्यानंतर तिथे शेतजमिनी संपादन केल्या गेल्या, पण गावठाणांच्या जागा गावकऱ्यांकडेच राहिल्या. त्यांनी त्या लहानशा जागांवर सहा-सात मजली इमारती उभ्या केल्या, त्याही इतक्या जवळ की समोरासमोरच्या खिडक्यांतून दोन शेजाऱ्यांना हात मिळवता यावा. खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. धागालेखकांच्या मोजपट्टीवर या वस्त्या पूर्ण नापास होतील. पण कारखान्यात काम करायला आलेल्या लाखो माणसांना, ज्यांची घरनोंदणी दूरच्या गावी होती आणि ज्यांना सरकारी घर मिळणे शक्य नव्हते, त्यांना कामाजवळ परवडणारी खोली तिथेच मिळाली. २०२० च्या जनगणनेत शेन्झेनची लोकसंख्या एक कोटी पंचाहत्तर लाख भरली. या गावठाणांशिवाय ती माणसे राहिली असती कुठे? पुढे पुनर्विकास झाला तेव्हा मूळ गावकऱ्यांना मोबदला आणि फ्लॅट मिळाले, भाडेकरूंना मात्र बहुधा काहीच मिळाले नाही.

वेशीबाहेर (धागालेखक)

सांजवात, आपला मुद्दा मला मान्य आहे, आणि माझी मोजपट्टी अपुरी आहे हेही. वस्ती दाट आहे म्हणून वाईट, असे मी म्हणत नाही. १९१० साली न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये २३ लाख लोक राहत होते, आज १७ लाखांच्या आसपास राहतात; तेव्हा एकेका अंधाऱ्या खोलीत कुटुंबे कोंबलेली होती. मेट्रो, पूल आणि बाहेरची उपनगरे यांमुळे ती दाटी सैल झाली. तरीही त्याच जागेवर शहर पुन्हा पुन्हा नव्याने बांधता आले, याचे कारण १८११ च्या आखणीत आहे. तेव्हा शहराची लोकसंख्या लाखाच्या आत होती आणि तीन आयुक्तांनी १५५ व्या रस्त्यापर्यंत, म्हणजे शेते, टेकड्या आणि ओढे यांच्यावरून, रस्त्यांचे जाळे नकाशावर टाकले. त्यात मोकळ्या जागा फारच कमी सोडल्या होत्या, आणि म्हणून १८५० च्या दशकात सेंट्रल पार्कसाठी जमीन विकत घ्यावी लागली व तिथल्या वस्त्या उठवाव्या लागल्या. तेव्हा सोडून दिलेल्या गोष्टीची किंमत नंतर कोणी चुकवली, हे त्यावरून दिसते. शेन्झेनच्या गावठाणांतही इमारतींच्या उंचीपेक्षा मधल्या तीन हातांच्या गल्लीने जास्त नुकसान केले आहे. तीच घरे, तीच भाडी, पण थोडी रुंद गल्ली असती, तर पाडकामाचे निमित्त तरी सहजासहजी मिळाले नसते.

मोजणीदार

रुंद गल्लीसाठी जमीन कोण देणार, इथे गाडी नेहमी अडते. संपादन महाग पडते आणि खटले वर्षानुवर्षे चालतात. यावर चांगला तोडगा जमिनींच्या पुनर्रचनेचा आहे. एका भागातले सगळे जमीनमालक आपल्या जमिनी कागदोपत्री एकत्र करतात, त्यांतून रस्ते, बागा व शाळांची जागा काढून घेतली जाते, थोडी जमीन विकून खर्च भागवला जातो, आणि उरलेली प्रत्येकाला मूळ प्रमाणात परत मिळते. परत मिळणारा भूखंड लहान असतो, पण त्याला रस्ता असल्यामुळे किंमत जास्त असते. फ्रांकफुर्टचे महापौर फ्रांत्स आडिकेस यांच्या पुढाकाराने १९०२ मध्ये यासाठी कायदा झाला, जपानने १९२३ च्या भूकंपानंतर टोकियो याच पद्धतीने पुन्हा आखले, आणि सोलचा आजचा गांगनाम भागही याच पद्धतीने शेतांतून निर्माण झाला. ओसरींनी विचारलेल्या नुकसानभरपाईचे उत्तर काही प्रमाणात यात आहे, कारण लाभ आणि तोटा दोन्ही सगळ्या मालकांत वाटले जातात.

सांजवात

मालकांत वाटले जातात, हे बरोबर. पण त्या जमिनीवर राबणारे कूळ, तिथल्या खोपटात राहणारा मजूर, भाड्याने दुकान चालवणारी बाई, यांचा वाटा त्या हिशेबात कुठे धरला आहे? कायद्यात त्यांच्यासाठी वेगळी तरतूद केली नाही, तर परत मिळणाऱ्या भूखंडांत त्यांचे नाव येत नाही.

रूळमार्ग

सांजवात यांच्या प्रश्नाला जोडूनच वयाचा प्रश्नही आहे. उपनगर एकाच वेळी वसले की त्यातली माणसेही एकाच वेळी म्हातारी होतात. टोकियोच्या पश्चिमेला तामा न्यू टाउनमध्ये १९७१ पासून तरुण कुटुंबे राहायला आली. सुरुवातीच्या पाच मजली इमारतींना लिफ्ट नव्हत्या, तेव्हा त्यांची गरजही वाटली नव्हती. आज तिथे चढ-उताराच्या वाटा आणि जिने वृद्धांना घरात अडकवून ठेवतात, आणि मुले कमी झाल्याने काही शाळा बंद कराव्या लागल्या. याउलट स्टॉकहोम शहराने १९०४ पासून भोवतालची जमीन विकत घेऊन ठेवली होती, म्हणून १९५४ मध्ये सुरू झालेल्या व्हेलिंगबी या उपनगरात घरांसोबत मेट्रो, दुकाने आणि कामाच्या जागा एकत्र योजता आल्या. कडेच्या वस्तीत फक्त झोपायची सोय करायची की सगळे आयुष्य तिथे काढता येईल अशी, हेसुद्धा पहिल्याच नकाशात ठरते.

चौकटराजा

एक व्यवहारी प्रश्न आहे. ज्या मध्यम आकाराच्या शहराकडे ना स्टॉकहोमसारखी जमीन आहे, ना जपानसारखी रेल्वे, आणि ज्याची लोकसंख्या वीस वर्षांत दुप्पट होणार आहे, त्याने कमीत कमी काय करावे?

वेशीबाहेर (धागालेखक)

यावर शहरविस्ताराचे अभ्यासक श्लोमो एंजेल यांनी मांडलेला मार्ग मला सर्वांत करण्याजोगा वाटतो. सगळ्या गल्ल्यांची आखणी करण्याइतके बळ नसेल तर निदान मुख्य रस्ते राखून ठेवावेत : साधारण एक किलोमीटरच्या अंतराने, पंचवीस-तीस मीटर रुंदीचे, आणि पुढच्या तीस वर्षांच्या वाढीला पुरतील इतके दूरवर. ते लगेच बांधायचे नाहीत. फक्त जमीन ताब्यात घेऊन हद्दीच्या खुणा पक्क्या करायच्या. पुढे जलवाहिनी, मलवाहिनी आणि बस याच पट्ट्यांतून जाऊ शकतात, आणि कोणतेही घर त्यांच्यापासून अर्ध्या किलोमीटरहून लांब राहत नाही. इथिओपियातील अदामा, बाहिर दार, हवासा आणि मेकेले या चार शहरांनी मागच्या दशकात याच धर्तीवर विस्ताराच्या आखणीचे काम हाती घेतले होते.

तिथे जमीन सरकारच्या मालकीची आहे, त्यामुळे त्यांना हे तुलनेने सोपे गेले, हा आक्षेप येईलच आणि तो योग्य आहे. खासगी मालकी असेल तिथे हे रस्त्यांचे पट्टे मोजणीदार यांनी सांगितलेल्या पुनर्रचनेतून मिळवावे लागतील, आणि सांजवात म्हणतात त्याप्रमाणे मालक नसलेल्यांची यादी मोजणी सुरू होण्यापूर्वी करावी लागेल, कारण खुंट्या ठोकल्या गेल्या की जमिनीचा भाव चढतो आणि कुळांना व भाडेकरूंना तिथून काढण्याची घाई सुरू होते. क्रम असा लागेल : आधी माणसांची नोंद, मग रस्त्याची हद्द, मग भूखंड, आणि त्यानंतर घर.